गिअरबॉक्स गेला! दुरुस्ती की नवा?

“गिअरबॉक्स गेला,” एवढंच बोलून घरधनी हातपाय धुवायला जातात आणि इकडे स्वयंपाकघरात आपला हिशेब सुरू होतो. भिशी कधी लागणार, पतसंस्थेचा हप्ता किती उरलाय, आणि शेवटी नजर जाते ती हातातल्या पाटल्यांकडे. ज्या घराची चूल पिकअपच्या भाड्यावर पेटते, तिथे “गाडीचं पुरुषांनी बघावं” असं म्हणून कसं चालेल? पाटल्या आपल्या मोडायच्या, तर निर्णयात आपणही बसावं. त्यासाठी इंजिनिअर व्हायला नको.

मिक्सरचं उदाहरण घ्या. मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही, म्हणून कुणी नवा मिक्सर आणत नाही. खालचा कपलर झिजलेला असतो, तो बदलला की काम भागतं. पिकअपमध्ये या कपलरच्या जागी क्लच असतो. इंजिन नुसतंच गरगरतं, भरलेली गाडी चढ चढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा बहुतेक वेळा क्लच प्लेट झिजलेली असते. गिअरबॉक्सचा त्यात काही दोष नसतो. दोन्हींच्या खर्चात फार अंतर आहे. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे बोट जातं. गाडी न्यूट्रलमध्ये असताना घरघर होते आणि क्लच दाबताच थांबते, तर मात्र गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग बोलतंय असं समजा. एकच गिअर कर्रकर्र करून पडत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असण्याचा संभव अधिक. ‘गेला’ या एका शब्दात एवढे प्रकार आहेत. म्हणून आधी यांना विचारा, नक्की काय होतं, कधी होतं, रिकाम्या गाडीला होतं का भरलेल्या?

दुसरी गोष्ट, गिअरबॉक्स खोलून पाहिल्याशिवाय पैशाचा शब्द देऊ नका. खोलल्यावर स्वतः गॅरेजमध्ये जा. मिस्त्री तुमच्या डोक्यावरून यांच्याशी बोलेल, आपल्या भागात तर निम्मं कानडीत बोलेल. बोलू द्या. आपण सुटे भाग पाहायचे. काढलेल्या ऑइलमध्ये किंवा नटाच्या लोहचुंबकावर काजळासारखी बारीक पूड दिसली तर ती रोजची झीज आहे. लोखंडाचे तुकडे, दाताच्या कपच्या दिसल्या तर प्रकरण गंभीर. बेअरिंग, रिंगा, ऑइल सील गेले असतील आणि दाते व बाहेरची पेटी शाबूत असेल, तर खुशाल दुरुस्ती करावी. पेटीलाच तडा गेला असेल किंवा दोन-तीन गिअरचे दाते उडाले असतील, तर दुरुस्ती म्हणजे फाटक्या चादरीला ठिगळ. तेव्हा बदलण्याचा विचार करावा.

बदलायचा म्हटलं तरी अगदी नवाच घ्यावा असं नाही. जुना देऊन कंपनीने रिकंडिशन केलेला घेण्याची सोय असते. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ ही योजना अशीच आहे. आपल्या मॉडेलला तो मिळतो का, ते विचारावं. तिसरी वाट भंगारातल्या गाडीच्या गिअरबॉक्सची. तो मिळतो स्वस्त, पण किती चालला हे कुणी सांगत नाही. निदान महिन्याची लेखी हमी मागावी. आर. सी. बुकात इंजिन आणि चॅसीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे तो बदलल्याची नोंद करावी लागत नाही. विम्याकडे मात्र आशेने पाहू नका, झिजेचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. आणि पक्कं बिल घ्या. सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे, हे दुकानदाराला ठाऊक असतंच, आपल्यालाही असावं.

आता कालनिर्णयाच्या मागच्या पानावर हिशेब मांडा. समजा, दुरुस्तीला १८ हजार लागतात आणि ती दीड वर्ष टिकेल. महिन्याला हजार पडले. बदलायला ४५ हजार आणि तो चार वर्षं चालेल, तर महिन्याला साडेनऊशेच्या आत. बदलणं स्वस्त वाटतं ना? पण गाडीच दोन वर्षांनी विकायची असेल तर तेच ४५ हजार महिन्याला पावणेएकोणीसशे पडतात! म्हणून गाडीचं वय आधी विचारावं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, तोही खर्च धरा. आणि गाडी किती दिवस उभी राहणार? दुधनीला तुरीची आवक जोरात असताना किंवा चैत्रात स्वामींच्या प्रकटदिनाच्या गर्दीत आठ दिवस गाडी बसली, तर बुडालेलं भाडं दुरुस्तीच्या खर्चाला येऊन मिळतं. कुरकुर लागली असेल तर फाल्गुनातच उरकावं.

ऑटोमॅटिक गाड्यांचं गणित वेगळं आहे. आपल्या छोट्या हत्तीला आणि बोलेरो पिकअपला हातानेच गिअर टाकावे लागतात. टोयोटाच्या हायलक्ससारख्या महागड्या पिकअपमध्ये खरा ऑटोमॅटिक मिळतो. त्याचा सगळा जीव तेलात. तेल काळं पडून करपल्या फोडणीसारखा वास आला, की आतल्या प्लेटा जळू लागल्या असं समजावं. तिथे नवा बसवला तरी तेल थंड करणारा कूलर आणि नळ्या धुऊन घ्याव्याच लागतात, नाहीतर जुना चुरा नव्यात जातो. हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नाही.

काहीही केलं तरी कारण शोधायला विसरू नका. छोटा हत्ती साधारण पाऊण टनाचा, म्हणजे पन्नास किलोची पंधरा पोती. त्यावर पंचवीस कांद्याची पोती रचून, क्लचवर पाय ठेवून कुणी चढ चढत असेल, तर नवा गिअरबॉक्सही त्याच वाटेने जाणार. ड्रायव्हर पगारी असो की घरचा, हे त्याला स्पष्ट सांगावं. घरच्याला सांगणं जास्त अवघड असतं, हे मला मान्य आहे!

दुरुस्ती झाली की काढलेले भाग पोत्यात घालून मागून घ्या. खरोखर काय बदललं ते त्यावरून कळतं, आणि सिंक्रो रिंगा पितळी असतील तर भंगारवाला त्यांना लोखंडापेक्षा बरा भाव देतो.