संग्राहकाचें पहिलें रिव्हॉल्व्हर

हस्तलिखितांच्या शोधार्थ जुन्या वाड्यांतून हिंडणाऱ्या मंडळींस पोथ्यांच्या रुमालांबरोबर कधीं कधीं जुनीं हत्यारेंहि पाहावयास मिळतात. तलवार, कट्यार, पट्टा यांविषयीं आपल्यांतील पुष्कळांस थोडीबहुत माहिती असते. परंतु पेटाऱ्याच्या तळाशीं एखादें गंजलेलें रिव्हॉल्व्हर निघालें, कीं त्याचें वय कोणतें, कूळ कोणतें, व तें संग्रहीं ठेवण्याच्या योग्यतेचें आहे कीं नाहीं, हें सांगणारा सहसा भेटत नाहीं. “एकच उत्तम रिव्हॉल्व्हर संग्रहीं ठेवावयाचें झाल्यास कोणतें ठेवावें?” असा प्रश्न आमच्या दोघां-तिघां स्नेह्यांनीं अलीकडे केला. आमचें सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. शस्त्रविद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि एका चुकीच्या निमित्तानें या वस्तूंकडे आमचें लक्ष गेलें, आणि पोथी पारखण्याची जी रीत आपणांस अवगत आहे तीच येथेंहि उपयोगी पडते, असा आम्हांस अनुभव आला. तो येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम नामनिश्चय केला पाहिजे. बोलण्यांत पिस्तूल व रिव्हॉल्व्हर हे शब्द एकाच अर्थीं योजितात. संशोधकानें तसें करूं नये. गोळ्यांचीं घरें असलेला सिलिंडर ज्यांत दर बारास एक घर पुढें फिरतो, तें रिव्हॉल्व्हर. ज्यांत काडतुसें एका पेटींत भरलेलीं असून बाराच्या जोरानेंच पुढील काडतूस नळींत चढतें, तें स्वयंचलित पिस्तूल. नाशिक येथें २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांजवर चालविलें तें ब्राउनिंग पिस्तूल होय. आणि कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालांतून ऑगस्ट १९१४ मध्यें क्रांतिकारकांनीं पळविलीं तीं ५० हत्यारें माउझर पिस्तुलें होत. या प्रसंगांच्या वर्णनांत ‘रिव्हॉल्व्हर’ हा शब्द घालणें म्हणजे भूर्जपत्रास ताम्रपट म्हणण्यासारखें आहे.

आतां इतिहास. अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट यास रिव्हॉल्व्हराचें पेटंट १८३५ सालीं इंग्लंडांत व १८३६ सालीं अमेरिकेंत मिळालें. त्याची पॅटर्सन येथील पहिली कंपनी १८४२ सालीं बुडाली. पुढें मेक्सिकोच्या युद्धामुळें १८४७ सालीं धंदा पुन्हां उभा राहिला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत त्याचा माल मांडलेला होता, आणि तेथेंच रॉबर्ट ॲडम्स या लंडनच्या कारागिराचें रिव्हॉल्व्हर त्याच्याशीं स्पर्धेस उभें राहिलें. दोहोंची घडण भिन्न आहे. कोल्टची नळी निराळी असून ती पाचरीनें अडकविलेली असते, सिलिंडराच्या वरची बाजू उघडी असते, व घोडा दर वेळीं आंगठ्यानें मागें ओढावा लागतो. ॲडम्सनें नळी व चौकट एकाच लोखंडांतून घडविली, आणि नुसता चाप ओढल्यानेंच घोडा उठून पडावा अशी योजना केली. १८५५ सालीं फ्रेडरिक बोमाँट या लष्करी अधिकाऱ्यानें दोन्ही रीती एकत्र करणाऱ्या सुधारणेचें पेटंट घेतलें. तें बोमाँट-ॲडम्स रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्करानें १८५६ सालीं स्वीकारलें. हीं सर्व टोपीचीं रिव्हॉल्व्हरें होत. म्हणजे दारू व गोळी सिलिंडराच्या तोंडाकडून ठासावयाची व मागील बाजूस स्फोटक टोपी बसवावयाची. काडतूस मागून भरण्याची सोय स्मिथ व वेसन यांनीं १८५७ सालीं लहान रिव्हॉल्व्हरांत आणिली, आणि मधून मोडून उघडणारें वेब्लीचें पहिलें लष्करी रिव्हॉल्व्हर १८८७ सालीं ब्रिटिश सैन्यांत आलें.

या सनांचा उपयोग नुसत्या पाठांतरापुरता नाहीं. जुन्या घरांत रिव्हॉल्व्हर निघालें कीं “हें सत्तावन सालचें” असें सांगण्याची वहिवाट पडली आहे. १८५७ च्या संग्रामांत इंग्रज अधिकाऱ्यांजवळ कोल्ट व ॲडम्स या दोन्ही जातींचीं रिव्हॉल्व्हरें होतीं, हें खरें. परंतु घरांतील हत्यार मधून मोडणारें तें लष्करी वेब्ली असेल, तर तें त्या प्रसंगाहून तीस वर्षें अलीकडचें. घरच्या वडिलांचें सांगणें खोटें असतें असें नव्हे. तें बहुधा दुसऱ्याच वस्तूचें असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ‘उत्तम’ म्हणजे काय? नवा संग्राहक दुर्मिळास उत्तम समजतो. कोल्टचें १८४७ चें वॉकर नांवाचें रिव्हॉल्व्हर सुमारें ११०० च घडलें, आणि २०१८ सालीं अमेरिकेंतील एका लिलावांत त्यांपैकीं एकास १८ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. परंतु दुर्मिळ ग्रंथाचें एक सुटें, पुष्पिकाहीन पान, आणि सर्वत्र आढळणाऱ्या ग्रंथाची आद्यंत पूर्ण, लेखकाच्या नांवाची व शकाची पोथी, यांपैकीं नवशिक्यानें पहिली कोणती घ्यावी? आम्ही तरी दुसरी घेण्यास सांगूं. अक्षराचें वळण, शाईचा रंग, समासाची रीत, कागदाची जात या सर्वांचा मेळ एका ठिकाणीं पाहिल्यावांचून पुढें आलेल्या संशयित पानाची परीक्षा करतां येत नाहीं. पहिली वस्तु ही पुढील सर्व वस्तूंचें माप होय. म्हणून पहिलें रिव्हॉल्व्हर साधारण जातीचें परंतु अविकृत असावें. ज्याच्या अंगावरील सर्व लेख वाचतां येतात तेंच उत्तम.

येथें आमची चूक सांगणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं सातारा जिल्ह्यांतील एका घरीं दप्तर पाहण्यास गेलों असतां यजमानांनीं परवान्यावर ठेवलेलें एक टोपीचें रिव्हॉल्व्हर दाखविलें. चौकटीच्या वरच्या पट्टीवर गंजाखालीं इंग्रजी अक्षरांची ओळ होती. तिच्या शेवटचा ‘कलकत्ता’ हा शब्द तेवढा लागला. पोथीवरील धूळ झटकण्याच्या संवयीनें आम्ही म्हणालों, “गंज काढून नीट ठेवा.” यजमान सज्जन, त्यांनीं आमचा शब्द मानून तें एका कारागिराकडून घासून घेतलें. पुढील दिवाळींत गेलों, तों तें चांदीसारखें चकाकत होतें आणि ओळ पार गेली होती. त्याच दिवशीं दप्तरांतील एका मोडी जमाखर्चांत ‘तमंचा खरेदी’ अशी रकम आम्हांस सांपडली. तींत विकणाराचें नांव होतें, पण मोडींत तें असें लिहिलें होतें कीं तीन तऱ्हांनीं वाचतां यावें. पट्टीवरील ओळ शाबूत असती तर कागद व लोखंड यांनीं एकमेकांची साक्ष दिली असती. आज दोन्ही मुकीं आहेत, आणि त्यास कारण आमचा अज्ञानाचा उपदेश होय.

तेव्हां परीक्षेची पहिली कसोटी पृष्ठभागाची. लोखंडावरील मूळ निळसर काळी झिलई अंशतः उडालेली असली तरी चालेल; नव्यानें चढविलेली मात्र नको. पोथींतील अक्षरांवर हरताळ फासून त्यावर नवा पाठ लिहावा, तसाच हा प्रकार आहे. तो ओळखण्याची खूण अशी कीं घासलेल्या हत्याराच्या धारा बोथट होतात, भोकांच्या कडा बशीसारख्या पसरतात, आणि अक्षरें एका बाजूस खोल व दुसऱ्या बाजूस उथळ दिसतात.

दुसरी कसोटी क्रमांकांची. कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत एकच क्रमांक नळीच्या बुडाशीं, चौकटीवर, चापाच्या कड्यावर व मुठीच्या पट्टीवर असतो. ॲडम्सांत तो चौकटीवर व सिलिंडरवर पाहावा. क्रमांक जुळले नाहींत तर तीं दोन पोथ्यांचीं पानें एका वेष्टनांत बांधिलेलीं आहेत असें समजावें.

तिसरी कसोटी परीक्षामुद्रांची. इंग्लंडांत नळीची व सिलिंडराची अधिक दारू भरून परीक्षा झाल्यावर मुद्रा उठवीत. लंडनची मुद्रा मुकुटाखालीं जी-पी ही जोडाक्षरें व मुकुटाखालीं व्ही अशी असते. बर्मिंगहॅमची, १९०४ पूर्वींची, मुकुटासह दोन आडवे राजदंड अशी असते. बेल्जममधील लीज येथील मालावर लंबवर्तुळांत ई-एल-जी हीं अक्षरें असतात, आणि त्यांवर मुकुट १८९३ पासून येऊं लागला. ॲडम्सच्या परवानगीनें लीज येथेंहि रिव्हॉल्व्हरें होत असत, म्हणून ती मुद्रा दिसली एवढ्यावरून वस्तु खोटी ठरत नाहीं. परंतु मुकुटयुक्त मुद्रेचें हत्यार कोणी ‘सत्तावन सालचें’ म्हणूं लागल्यास त्यास ही मुद्राच उत्तर देते.

आतां निवड. कोल्टचें १८५१ चें नेव्ही रिव्हॉल्व्हर फार प्रसिद्ध आहे. हार्टफर्ड येथें सुमारें २,१५,००० व लंडनच्या कारखान्यांत १८५३ ते १८५६ पर्यंत सुमारें ४२,००० अशीं तीं घडलीं. त्याच्या सिलिंडरवर १८४३ च्या एका आरमारी लढाईचें चित्र गुंडाळलेलें असतें. तें उथळ असल्यामुळें सर्वांत आधीं झिजतें. नळीवरील पत्ता पुसट आणि चित्र मात्र कोरें करकरीत, असें दिसल्यास सिलिंडर बदललेला समजावा. परंतु या प्रसिद्धीचाच दोष असा कीं १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इटलींत त्याच्या प्रतिकृति होत आल्या आहेत. त्यांवर इटलीच्या परीक्षागृहाची व वर्षाची मुद्रा असते. ती खरवडून, आम्लानें गंज चढवून, जुनें म्हणून विकणारे लोक आहेत. पितळी चौकटीचें रिव्हॉल्व्हर अमेरिकन यादवींतील दक्षिण पक्षाचें म्हणून कोणी दाखविल्यास नवशिक्यानें हात जोडून परतावें.

यास्तव आमचें मत बोमाँट-ॲडम्सच्या बाजूनें पडतें. पांच घरांचें, ५४ बोअरचें, म्हणजे एका पौंड शिशाच्या ५४ गोळ्या होतील त्या मापाचें, जाळीदार खाचांच्या अक्रोडी मुठीचें असें तें असतें. नळी व चौकट अभिन्न असल्यामुळें त्यांत दुसऱ्याची नळी बसविण्यास जागाच नाहीं. पट्टीवर विकणाराचें नांव व पत्ता असतो, आणि तो हिंदुस्थानांतील दुकानाचा असल्यास आपल्या कागदपत्रांशीं त्याचा संबंध जुळण्याची आशा असते. पेटी, दारूचा डबा व सांचा यांसह मिळाल्यास उत्तमच. मात्र पेटींतील खाचांत वस्तु बिनचूक बसतात कीं नाहीं तें पाहावें, कारण रिकाम्या पेट्यांस हत्यारें जोडून देण्याचा धंदाहि जुना आहे.

शेवटीं कायद्याविषयीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमानें पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या, जुन्या घडणीच्या किंवा मोडक्या हत्यारास सूट आहे खरी. परंतु दुरुस्त करूनहि जें अग्निशस्त्र म्हणून चालणार नाहीं अशासच ती आहे. चालूं शकणारें टोपीचें रिव्हॉल्व्हर केवळ जुनें म्हणून मोकळें होत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस सामान्यतः दोनच अग्निशस्त्रें बाळगतां येतात. म्हणून आपल्याकडे पहिली निवड ही जवळजवळ शेवटचीच निवड होय. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास विचारल्यावांचून हत्यार घेऊं नये, आणि सूट मिळावी म्हणून आपल्याच बुद्धीनें नळीस भोंक पाडण्याचा अविचारहि करूं नये. शिवाय १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांस हीच मर्यादा ७५ वर्षांची आहे, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहेच.

ज्यांस हत्यार ठेवणें शक्य नाहीं त्यांनीं वाईट वाटूं देऊं नये. कोणाच्या घरीं परवान्यावर असलेलें रिव्हॉल्व्हर दृष्टीस पडल्यास तें भरलेलें नाहीं अशी मालकाकडून खात्री करून घ्यावी, घासूं नये व घासूं देऊं नये, आणि त्यावरील प्रत्येक अक्षर, क्रमांक व मुद्रा जशीच्या तशी उतरून घ्यावी. मग त्या घरच्या दप्तरांत तमंचा, पिस्तूल, टोप्या, दारू या शब्दांचा शोध करावा. लेख असेल तर लोखंडहि पोथीच आहे. आणि पोथी वाचण्यापूर्वींच पुसून टाकण्याचें पाप आम्हीं एकदां केलें, तें आमच्या वाचकांकडून न घडावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.