परक्या चित्रकथा आणि कर्त्याचें देणें

मळ्यांतून कणसें तोडून नेणाऱ्यास आपण चोर म्हणतों. परंतु चित्रकाराच्या वर्षभराच्या श्रमाचें फळ घरबसल्या फुकट उचलणाऱ्यास तें नांव देतांना आपली जीभ अडखळते. याचें कारण उघड आहे. कणीस तोडलें कीं मळ्यांतील एक कणीस कमी होतें. चित्रकथेची नक्कल केली तरी मूळ प्रत जागच्या जागीं राहते. मग गेलें कोणाचें काय? या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अंधेरी-बोरिवलीची लोकल असो वा घाटकोपर-मुलुंडची, मोबाईलवर जपानी ‘मांगा’ किंवा अमेरिकन कॉमिक वाचणारे विद्यार्थी तींत दिसतातच. वाचनाची ही आवड स्तुत्य होय. परंतु यांतील पुष्कळ पानें चोरवाटेनें आलेलीं असतात. कोणी हौशी मनुष्य मूळ पुस्तकाचीं पानें यंत्रानें टिपून घेतो, जपानी संवाद पुसून त्या जागीं इंग्रजी बसवितो आणि तें सर्व इंटरनेटवर मोकळें सोडतो. तीं पानें मांडणारा जाहिरातींवर पैसा मिळवितो. ज्यानें चित्रें काढलीं त्यास मात्र कवडीहि पोंचत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. रद्दीच्या दुकानांतून जुनें कॉमिक विकत घेणें, मित्राजवळून मागून आणणें किंवा वाचनालयांतून नेणें यांत कांहींहि गैर नाहीं. आपल्या 1957 च्या कायद्यानें नव्या प्रती काढण्याचा हक्क कर्त्याकडे ठेवला आहे. एकदां विकली गेलेली प्रत पुढें कोणी कोणास द्यावी यावर त्याचा ताबा नाहीं. ती प्रत दहा हातीं फिरली तरी एकच राहते आणि तिचें मोल चुकतें झालेलें असतें. चोरटी नक्कल एकीची लाख होते, आणि त्या लाखांपैकीं एकीचेंहि मोल कर्त्यास मिळत नाहीं.

‘पण कर्ता परदेशी आणि त्याची कंपनी गडगंज, त्यांचें काय बिघडतें?’ असा एक आक्षेप निघतो. परंतु कर्त्याचा हक्क देशाच्या सीमेपाशीं संपत नाहीं. 1886 सालीं बर्न येथें झालेल्या करारान्वयें त्यांत सामील झालेलीं राष्ट्रें एकमेकांच्या लेखकांचे हक्क राखतात, आणि भारत 1928 पासून त्या करारांत आहे. जाणूनबुजून हा हक्क मोडणाऱ्यास आपल्या कायद्यांत सामान्यतः 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत कैद व 50,000 ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे.

कंपन्या नेहमींच न्यायानें वागतात असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ‘सुपरमॅन’चे जनक जेरी सीगल व जो शुस्टर या दोघां तरुणांनीं 1938 सालीं त्याचे हक्क अवघ्या 130 डॉलरांस विकले. कंपनीनें त्या नायकावर अपार धन मिळविलें. हे दोघे मात्र उतारवयांत विपन्नावस्थेस पोंचले. त्यांचें गाऱ्हाणें वृत्तपत्रांतून गाजलें तेव्हां 1975 सालीं प्रत्येकास सालीना 20,000 डॉलर आणि कथेवर दोघांचीं नांवें, एवढें त्यांच्या पदरीं पडलें. पण यावरून चोरीचें समर्थन होत नाहीं. मालकानें मजुराची मजुरी बुडविली म्हणून आपणहि ती बुडवावी, हा कोठला न्याय?

दुसरा आक्षेप किंमतीचा, आणि त्यांत तथ्य आहे. परदेशी पुस्तकाची किंमत सामान्य घरांतील मुलास झेपत नाहीं. परंतु चोरीवांचूनहि यावर उपाय आहे, आणि तो याच मुंबईनें दाखविला. मार्च 1964 मध्यें टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलें. ली फॉक यांचा फँटम रीतसर परवान्यानें येथें आला आणि मराठी मुलांचा ‘वेताळ’ झाला. 1990 पर्यंत ही माला चालली. इतकेंच नव्हे, तर आबिद सुरती यांचा ‘बहादुर’ हा देशी नायक 1976 सालीं याच मालेंतून पुढें आला. परक्याचें देणें चुकविणाऱ्या घरांत आपल्या कर्त्यासहि जागा मिळते, ती अशी.

जपानकडे पाहिलें तर दोन्ही वाटा दिसतात. तेथील ‘मांगामुरा’ हें चोरट्या चित्रकथांचें ठिकाण 2018 सालीं बंद पडलें व 2021 सालीं त्याच्या चालकास 3 वर्षांची कैद झाली. उलट शुएइशा या प्रकाशनसंस्थेनें जानेवारी 2019 मध्यें ‘मांगा प्लस’ सुरू करून चालू कथांचे आरंभींचे व ताजे भाग परदेशी वाचकांस फुकट खुले केले. कर्त्याच्या संमतीनें मिळालेलें फुकट आणि त्याच्या पाठीमागें उचललेलें फुकट यांत महदंतर आहे.

हा प्रश्न केवळ टोकियो-न्यूयॉर्कचा नव्हे. चित्रपटांचे पटकथालेखक व गीतकार यांच्या संस्थांचीं कार्यालयें आमच्या अंधेरींतच आहेत. पूर्वीं गीतकार व संगीतकार बहुधा आपले हक्क एकदांच लिहून देत आणि पुढें गाणें घरोघरीं वाजलें तरी त्यांच्या हातीं फारसें येत नसे. 2012 सालच्या दुरुस्तीनें चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मोबदल्यांत त्यांस समान वांटा मिळाला, आणि तो निर्मात्यास लिहून देतां येणार नाहीं असेंहि ठरलें. जें आपण आपल्या गीतकारासाठीं न्याय्य मानतों, तें जपानी चित्रकारास नाकारावें कोणत्या तोंडानें?

म्हणून आमची विद्यार्थिबंधूंस व भगिनींस विनंती आहे कीं, ज्यांस शक्य असेल त्यांनीं आवडत्या कथेचें एखादें तरी पुस्तक विकत घ्यावें. ज्यांस शक्य नसेल त्यांनीं वाचनालय, रद्दीचें दुकान किंवा प्रकाशकानें स्वतः खुलें केलेलें पान यांचा आश्रय करावा. आपल्या वर्गांतहि वहीच्या मागच्या पानांवर चित्रकथा काढणारे आहेत. उद्यां त्यांपैकीं एखाद्यानें त्या कलेवर पोट भरावें अशी इच्छा असेल, तर चित्रांचें मोल देण्याची संवय आपणांस आजच लागली पाहिजे.