कम्पाइल झालं म्हणजे सुटलो?

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी जरा सांभाळून घ्या. विषय मात्र तुमच्या जिव्हाळ्याचा आहे: ऐन डेमोत आडवा होणारा प्रोग्राम.

आमच्या ग्रुपचा मेस-बिलाचा जावा प्रोजेक्ट एकाही एररशिवाय कम्पाइल झाला आणि परीक्षकांसमोर 'क्लासकास्टएक्सेप्शन' देऊन मेला. असं का?

आपलं ऐरोली स्टेशन आठवा. ट्रान्स हार्बरवर २००४ पासून गाड्या धावतायत, पण प्लॅटफॉर्मवर जायला गेट नाही. कुणीही आत शिरतो, टीसी नंतर भेटतो. तुम्ही कोण, कुठल्या ब्रँचचे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पास आहे का, एवढंच. इंटरफेस म्हणजे तो पास. घाटकोपरच्या मेट्रोला मात्र आत शिरतानाच गेट, तो झाला कंपायलर.

आमच्या लिस्टमध्ये 'हॉस्टेलाइट' आणि 'गेस्ट' होते, दोघेही 'पर्सन'चे सबक्लास. प्रत्येक पर्सनला आम्ही 'बिलेबल' या इंटरफेसमध्ये कास्ट करत होतो. गंमत म्हणजे बिल काढायची मेथड गेस्टमध्येसुद्धा होती, अगदी त्याच नावाची! पण जावाला तेवढं पुरत नाही, 'इम्प्लिमेंट्स बिलेबल' असं लिहून द्यावं लागतं. ते फक्त हॉस्टेलाइटमध्ये लिहिलेलं. ('गो' भाषेत नुसत्या मेथड जुळल्या तरी चालतं. आमचं नशीब!)

मग कंपायलर गप्प का बसला? पर्सन स्वतः बिलेबल नसला तरी त्याचा एखादा सबक्लास असू शकतो, म्हणून तो संशयाचा फायदा देतो. पर्सन 'फायनल' असता तर सबक्लासचा प्रश्नच नव्हता, कास्ट तिथेच अडली असती. दोन असंबंधित क्लासमध्ये कास्ट केली तरी तो लगेच ओरडतो, कारण जावात एका क्लासला बाप एकच असतो.

रूममेट म्हणाली, "अगं, आधी 'इन्स्टन्सऑफ'ने विचार ना!" एखाद्या ठिकाणी ठीक आहे. पण दर चार ओळींनी 'हा गेस्ट आहे का, हा हॉस्टेलाइट आहे का' विचारायचं तर इंटरफेस कशाला केला? शेवटी गेस्टला 'इम्प्लिमेंट्स' लावलं आणि लिस्टच बिलेबलची केली. जेनेरिक्स जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून आहेत, आम्हीच वापरले नव्हते. आता चुकीचा माणूस लिस्टमध्ये घालतानाच कंपायलर अडवतो. थोडक्यात, ऐरोलीला गेट बसवलं.

री-डेमोला सरांनी लिस्टमध्ये मुद्दाम एक 'नल' घातला. 'इन्स्टन्सऑफ'ने त्याला नाही म्हटलं असतं, पण आता तो नव्हताच. गेटमधून नल आरामात आत गेला आणि बिल काढताना 'नलपॉइंटरएक्सेप्शन'! दोन मार्क गेले.