रिव्हॉल्वरचं कव्हर शिवायचंय? खरं हत्यार कारागिराकडे ठेवू नका, लाकडी ठोकळा करून घ्या

परवान्याचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल बाळगणारे लोक ग्रामीण भागातही आहेत. पेट्रोल पंपाचे मालक, सराफ, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, काही माजी सैनिक. बाजारात मिळणारं तयार कव्हर बहुतेक वेळा ‘सगळ्यांना बसेल’ अशा मापाचं असतं, म्हणजे नीट कुणालाच बसत नाही. मग ओळखीच्या चर्मकाराकडून चामड्याचं कव्हर शिवून घेतलं जातं. इथंच एक चूक होते. ‘माप घ्या, संध्याकाळी येतो’ असं सांगून मालक खरं हत्यार दुकानात ठेवतो आणि बाजाराला निघून जातो.

ही चूक दोघांनाही महागात पडू शकते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय कुणालाही अग्निशस्त्र जवळ ठेवता येत नाही. परवानाधारक समोर हजर असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याला ते नेता येतं, एवढीच सवलत आहे. कव्हर शिवणं ही काही हत्याराची दुरुस्ती नाही. त्यामुळे मालक निघून गेला आणि हत्यार दुकानाच्या खणात राहिलं, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा त्या कारागिरावर लागू शकतो. त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. दोन-तीन दिवसांच्या मजुरीसाठी एवढी जोखीम घ्यायचं कारण नाही. हत्यार दुसऱ्याच्या हाती सोडलं म्हणून मालकाचा परवानाही अडचणीत येऊ शकतो.

मग नुसतं माप घेऊन का भागत नाही? कारण चांगलं कव्हर पिशवीसारखं शिवत नाहीत. भिजवलेलं चामडं हत्याराच्या आकारावर दाबून बसवतात आणि तसंच वाळू देतात. वाळल्यावर चामडं तो आकार धरून ठेवतं. म्हणूनच हत्यार आत घट्ट बसतं, मोटारसायकलवर खड्ड्यात आदळलं तरी निसटत नाही. ढिल्या, मऊ कव्हरचा दुसरा धोका आणखी मोठा. हत्यार आत सारताना तोंडाशी चामड्याची घडी पडली आणि ती ट्रिगरवर दाबली गेली, तर गोळी सुटू शकते. मांडी, पोटरी, पाऊल, जे समोर असेल ते जायबंदी होतं.

दाबून बसवायला आत काहीतरी हवं. ते खरं हत्यार असावं असं मात्र मुळीच नाही. उलट ओल्या चामड्यात खरं हत्यार ठेवलं तर गंज धरतो, काळी पॉलिश उतरते. चपला-बूट करणारे पायाऐवजी लाकडी फर्मा वापरतात, तसाच इथंही वापरायचा.

अमेरिकेत हे काम करणारे हजारो छोटे कारागीर आहेत. तिथं टणक प्लास्टिकच्या, निळ्या किंवा लाल रंगाच्या भरीव प्रतिकृती विकत मिळतात. मुळात त्या पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी बनतात. गोळी भरायला आत जागाच नसते आणि रंगामुळे खऱ्या हत्याराशी गल्लत होत नाही. कव्हर बनवणारे त्याच साच्यासाठी वापरतात. ज्या मॉडेलची प्रतिकृती मिळत नाही, त्यासाठी तिथलेही लोक लाकूड कोरतात.

आपल्याकडे त्या मागवून फारसा उपयोग नाही. त्या मुख्यतः अमेरिकी आणि युरोपी मॉडेलच्या मापाच्या असतात. भारतीय आयुध कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर जुन्या वेब्ली पद्धतीचं आहे. गोळ्या भरताना ते मधून मोडल्यासारखं उघडतं आणि वर मागच्या बाजूला त्याची कडी असते. २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ही त्याच घराण्यातलं. कव्हरचा पट्टा या कडीवर दाबला जाऊ नये, हे परदेशी साच्यावरून कळणारच नाही.

जत्रेतली खेळण्यातली पिस्तुलं तर सोडूनच द्यावीत. माप चुकीचं आणि दाब दिला की पोकळ प्लास्टिक पिचकतं. हुबेहूब दिसणारी नकली हत्यारं मिळतात, तीही या कामासाठी घेऊ नयेत. ती दुकानात दिसली तर पोलीस आधी खरं समजूनच वागणार.

राहतो लाकडी ठोकळा. त्यासाठी मालकाने घरीच, हत्यार पूर्ण रिकामं करून, सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलने त्याची कड काढायची. पेन्सिल उभी धरायची. तिरपी झाली की माप वाढतं. मग व्हर्नियरने जाडी मोजायची: नळीची, सिलिंडरची, मधल्या सांगाड्याची, ट्रिगरच्या कडीची आणि मुठीची. सिलिंडर सगळ्यात रुंद, तिथं एक मिलिमीटर चुकला तरी कव्हर एक तर अडतं किंवा सैल होतं. सुताराकडे किंवा चर्मकाराकडे जायचं ते हा पुठ्ठा आणि आकडे घेऊन. हत्यार तिजोरीतच.

लाकूड सागाचं किंवा शिसवीचं, चांगलं वाळलेलं असावं. ओलं लाकूड नंतर आकसतं. ट्रिगरच्या कडीतली पोकळी कोरायची नाही, ती भरीवच ठेवायची, म्हणजे तिथं चामडं आत खचत नाही. नळीच्या टोकाला नेम धरायचा उंचवटा असतो. तो बाहेर काढताना चामड्यात अडकू नये म्हणून ठोकळ्याच्या वरच्या कडेला टोकापासून मागपर्यंत बांबूची बारीक पट्टी चिकटवायची. मूठ पूर्ण करायची गरज नाही, दोन बोटं ठेवून कापून टाकायची. अर्ध्या मुठीचा, पिवळ्या किंवा निळ्या ऑइल पेंटचा ठोकळा पाहून कुणाला बंदूक वाटत नाही. रंगाचे दोन हात दिले की लाकूड पाणीही पीत नाही, आणि त्या थराने जी किंचित जाडी वाढते ती उपयोगीच पडते, कारण चामडं वाळताना थोडं आवळतं.

चामडं कुठलं, हा प्रश्न साच्याइतकाच महत्त्वाचा. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेलंच चामडं आकार धरतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच पद्धतीचं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं वाळल्यावर पुन्हा ढिलं पडतं. ओळखायला सोपं आहे: कापलेल्या कडेला आत निळसर-करडा रंग दिसला तर ते क्रोमचं. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर पुरते.

आधी शिलाई, मग भिजवणं. साध्या किंवा कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. उकळतं पाणी नको, चामडं आखडून कडक होतं. बाहेर काढून मूळ रंग परत यायला लागला की ठोकळा आत सारायचा आणि हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या दांडीने कडा बसवायच्या. ओल्या चामड्याला लोखंडी हत्यार किंवा खिळा लागू देऊ नये. सालीतल्या टॅनिनमुळे तिथं काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. सावलीत किमान एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस वाळवायचं. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं तर चामडं तडकतं.

शेवटची बसणी मालकाने घरीच, रिकाम्या हत्यारावर करायची. कव्हर उलटं धरून हलवलं तरी हत्यार पडू नये. ट्रिगर पूर्ण झाकलेला असावा, बाहेरून बोट पोहोचता कामा नये. हत्यार काढल्यावर कव्हरचं तोंड मिटता कामा नये. यातलं काही चुकत असेल, तर कव्हर परत भिजवून ठोकळ्यावर बसवता येतं.

तयार झालेल्या कव्हरमध्ये हत्यार कायम ठेवून देणं मात्र बरं नाही. चामडं हवेतली ओल धरतं, आणि पावसाळी भागात दोन आठवड्यांतही गंजाचे ठिपके दिसू शकतात. घरी आलं की हत्यार पुसून, तेलाचा हात देऊन वेगळं ठेवायचं. ठोकळ्यावर मॉडेलचं नाव लिहून तो कारागिराकडेच राहू दिला तरी चालतो. त्याच मॉडेलचा दुसरा परवानाधारक आला तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.