संशोधक घरोघरी, संशोधन कुठे?

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा जुनी. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' १८४० सालचं, पुण्याचं 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. वाचकाला यांतून मिळायचं ते मुख्यतः पाठ्यपुस्तकात जाऊन बसलेलं, वाद मिटलेलं विज्ञान. संशोधन करणारा माणूस स्वतः मराठीत बोलायला उभा राहतोय, हे दुर्मीळच. (समाजशास्त्रांत इरावती कर्वे होत्या, पण त्यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.) नैसर्गिक विज्ञानात ही कोंडी फुटली ती १९७४ च्या सुमारास, एका रटाळ व्याख्यानाच्या कृपेने.

अहमदाबादच्या एका परिषदेत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर असं व्याख्यान ऐकत बसले होते आणि समोरच्या कागदांवर त्यांनी चक्क गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे 'यक्षांची देणगी' आली आणि विज्ञानकथा दिवाळी अंकांत हक्काने बसू लागली.

नारळीकर या कथांनी मोठे झाले असं नाही. १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे ते आधीच देशभर गाजले होते. लोक त्यांना ऐकायला गर्दी करत. त्या सिद्धान्तात काय आहे हे किती जणांना उमगत होतं, ते सोडा. गंमत अशी की, नाव घरोघरी पोचलं त्याच सुमारास विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या त्यांच्या बाजूचं पारडं वर जाऊ लागलं. १९६५ मध्ये विश्वाच्या पार्श्वभूमीवरचं सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या कल्पनेची सुधारलेली आवृत्ती मांडली. आपण अल्पमतात आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही. तरी मराठी वाचकाच्या मनात ते 'विश्वाचं कोडं सोडवणारे' म्हणूनच राहिले. त्या कोड्यावर तज्ज्ञांत भांडण आहे, आणि आपला माणूस त्यात एका बाजूने हट्टाने लढतोय, ही खरी रंगतदार गोष्ट घरोघरी गेलीच नाही.

पुण्यात १९८८ मध्ये 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली आणि नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. शाळकरी मुलांसाठी तिथे शनिवारची व्याख्यानं सुरू झाली. सही मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पुढे 'पुलस्त्य' या वास्तूत अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवू लागले. मुलांना प्रश्न विचारायची चटक लावणारं हे काम थोर होतं. संशोधनाची रीत मात्र यात थोडीच दिसायची.

ती दिसली २००८ मध्ये, आणि दिसली ती कुंडलीच्या निमित्ताने. नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून कुंडल्या मांडल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं: प्रत्येकाला ४० कुंडल्या मिळतील, कोणती कोणत्या गटातली ते सांगा. निव्वळ छापा-काटा केला तरी वीसेक बरोबर येणार, म्हणून दावा मानण्यासाठी किमान २८ बरोबर यायला हव्यात, ही अट आधीच ठरली. उत्तरं पाठवली २७ ज्योतिषांनी. सर्वांत पुढे असलेल्याची २४ बरोबर आली. सरासरी ४६ टक्के.

माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मराठीत संशोधन सगळ्यांत स्वच्छपणे सांगितलं गेलं ते इथे. अट आधी का ठरवायची, कोणती कुंडली कुणाची हे उत्तर देणाऱ्याला का कळू द्यायचं नाही, वीस बरोबर येणं हे यश का नव्हे, या गोष्टी एरवी पदव्युत्तर वर्गाबाहेर पडत नाहीत. विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे त्या चहाच्या टपरीवर चर्चेला आल्या. काही ज्योतिषांनी बहिष्कार टाकला, बुद्धिमत्ता एवढ्यावरून कळतच नाही असे आक्षेप घेतले. तेही चर्चेत आले. शोधनिबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये इंग्रजीत आला, पण तोवर मराठी वाचक त्यावर वाद घालून मोकळा झाला होता.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक श्रद्धांजली-लेखांत 'कृष्णविवर' होतं, पोस्टकार्डं होती, साधेपणा तर होताच. हॉइलबरोबरच्या सिद्धान्ताचं पुढे काय झालं, यावर फार तर दोन ओळी. नव्या संशोधनाबाबतही तेच. आयआयटी मुंबईतल्या संशोधनाच्या बातम्या आता मराठीतही येतात आणि भाषा पूर्वीपेक्षा सुटसुटीत असते. निष्कर्ष कळतो, पुढचे उपयोग कळतात. त्याच विषयातल्या दुसऱ्या संशोधकाला ते का पटत नाही, हे मात्र मी अशा बातमीत फार क्वचित वाचलं आहे.