टॅलेंट शो जिंकला, दोन वर्षांच्या आत कंपनीनं काढून टाकलं, मग जेम्स आर्थर परत आला कसा?

लग्नाचे, साखरपुड्याचे रील्स बघताना एक इंग्रजी गाणं कधी ना कधी कानावर पडतंच, ‘से यू वोन्ट लेट गो’. ते गाणाऱ्या जेम्स आर्थरला एकेकाळी इंडस्ट्रीनं संपल्यात जमा केलं होतं.

डिसेंबर २०१२. ब्रिटनमध्ये ‘एक्स फॅक्टर’चा नववा सीझन आर्थरनं जिंकला. याच शोमध्ये तो एकदा बाहेर पडता पडता वाचलेला. जिंकल्या जिंकल्या त्याचं ‘इम्पॉसिबल’ आलं आणि एकट्या ब्रिटनमध्ये १० लाखांहून जास्त कॉपी खपल्या.

पण गोम इथंच आहे. विजेत्याचं पहिलं गाणं शो संपायच्या आधीच ठरलेलं असायचं. ‘इम्पॉसिबल’सुद्धा शॉनटेलनं आधी गायलेलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं गाणं. म्हणजे आवाज आर्थरचा, पण गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी दुसऱ्यांची. शिवाय शोची हवा वर्षभरच टिकायची, पुढच्या वर्षी नवा विजेता तयार असायचा.

त्यात आर्थरनं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच्या एका रॅपमध्ये समलैंगिकांबद्दल अपशब्द निघाला. राडा झाला, माफी मागावी लागली, ट्विटर सोडावं लागलं. २०१४ च्या जूनमध्ये सायमन कॉवेलच्या ‘सायको’ कंपनीनं त्याच्याशी करार मोडला. खरं सांगायचं तर अशा ठिकाणाहून कुणी परत येत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये ‘से यू वोन्ट लेट गो’ आलं. यावेळी पाठीशी ना शो होता, ना प्रेक्षकांची मतं. गाणं त्यानं नील ऑर्मंडी आणि स्टीव्ह सॉलोमन यांच्यासोबत स्वतः लिहिलेलं, त्यामुळं लेखनाच्या रॉयल्टीतही त्याचा वाटा. ब्रिटनमध्ये ते ३ आठवडे नंबर वन राहिलं, अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये ११ व्या नंबरपर्यंत पोचलं. स्पॉटिफायवर तर आकडा २०० कोटींच्या पुढं गेलाय.

मग काय, ज्या सायकोनं बाहेर काढलं, तिनंच त्याला परत घेतलं. पुढं २०२० मध्ये सायको आणि सोनीची भागीदारीच संपली. आर्थर मात्र गातोय. २०२४ च्या सुरुवातीला त्याचा ‘बिटर स्वीट लव्ह’ हा अल्बमही ब्रिटनमध्ये नंबर वनवर गेला.