थाळनेरचा किल्लेदार आणि अज्ञान राजा

धुळे जिल्ह्यात तापीकाठच्या थाळनेरला राजेशाहीचा ताळेबंद तपासता येतो. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहान्वये, वयातही न आलेल्या दुसऱ्या मल्हारराव होळकरांच्या नावे, खानदेशातील मुलूख इंग्रजांस तोडून दिला गेला. सारा भरणाऱ्या रयतेस कोणी विचारलेही नाही. फेब्रुवारीत इंग्रज फौज येताच किल्लेदार तुळशीराम मामांनी किल्ला लढवला, तेव्हा शिबंदी कापली गेली आणि खुद्द किल्लेदारास, तहाविरुद्ध वागल्याच्या सबबीवर, फाशी दिले. सयाजीरावांसारखा प्रजाहितदक्ष राजा लाभतोही; परंतु बडोद्याच्या त्याच गादीवर त्यांच्या आधी पदच्युत झालेले मल्हारराव गायकवाडही बसले होतेच! अधिकार जन्माने मिळावा आणि जबाबदारी रयतेने भोगावी, हा व्यवहार न्याय्य नव्हे. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, ते उचितच झाले.